चार दिवसांत पृथ्वीचा विनाश

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात ब्रॉन्सन कॅन्यन नावाची एक जुनी दगडखाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून दगड काढत. खाण बंद पडली तेव्हा उभे कातळकडे आणि डोंगरातून आरपार गेलेला एक बोगदा एवढंच मागे राहिलं. हॉलिवूडच्या स्टुडिओंपासून ही जागा अगदी जवळ, आणि कॅमेरा जरा बेतानं लावला की आजूबाजूचं शहर दिसत नाही, नुसते उघडेबोडके दगड दिसतात. म्हणून वेस्टर्न सिनेमांतले दरोडेखोर इथेच लपायचे. पुढे टीव्हीवरच्या बॅटमॅनची गाडीही याच बोगद्याच्या तोंडातून सुसाट बाहेर पडू लागली. मधल्या काळात, म्हणजे 1950च्या दशकात, परग्रहावरून आलेल्या कितीतरी जीवांनी इथे मुक्काम ठोकला होता.

1953 साली फिल टकर नावाचा पंचवीस वर्षांचा दिग्दर्शक इथे ‘रोबॉट मॉन्स्टर’ हा चित्रपट करायला आला. गोष्ट प्रचंड मोठी होती. परग्रहावरच्या एका यंत्रमानवानं आपल्या किरणांनी पृथ्वीवरची सगळी माणसं मारून टाकली आहेत आणि आठच जण उरलेत. हे सगळं दाखवायला टकरकडे होते चार दिवस आणि साधारण सोळा हजार डॉलर. यंत्रमानवाचा धातूचा पोशाख शिवून-ठोकून घ्यायचा तर त्यातले बरेचसे तिथेच संपले असते. पण जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता, आणि तो थोडक्या पैशांत काम करायला तयार होता. टकरनं गोरिलाच्या धडावर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण बसवलं, त्याला तारा लावल्या, आणि तयार झाला रो-मॅन. गुहेच्या तोंडाशी एक टेबल मांडून त्यावर बिनतारी यंत्र ठेवलं. शेजारी साबणाचे बुडबुडे सोडणारं एक यंत्रही लावलं आणि ज्या कंपनीनं ते दिलं तिचं नाव श्रेयनामावलीत झळकवलं.

हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दर वेळी माझं लक्ष बॅरोजकडे जातं. रणरणत्या उन्हात, अंगावर जाड केसाळ कातडं आणि डोक्यावर ते शिरस्त्राण घालून तो टेकडी चढतोय, उतरतोय. चेहरा दिसत नाही, आवाज दुसऱ्याच नटाचा. मग उरतं फक्त शरीर. माणसाच्या पोरीवर जीव जडल्यावर या यंत्रमानवाची आज्ञा आणि इच्छा यांत ओढाताण होते, ती बॅरोज हात हलवून आणि मान वळवून दाखवतो. पोशाख खोटा आहे, पण त्याच्या आतला माणूस जे करतोय ते मनापासून करतोय.

या चार दिवसांच्या चित्रपटाला संगीत दिलंय एल्मर बर्नस्टाइननं. ‘द टेन कमांडमेंट्स’ आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ यांचं संगीत करणारा तोच हा बर्नस्टाइन. कम्युनिस्टविरोधी मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या काळात डाव्या विचारांच्या कलावंतांवर संशयाची नजर होती. बर्नस्टाइनला मोठ्या स्टुडिओंतून काम मिळेना, म्हणून त्या वर्षी त्यानं ‘रोबॉट मॉन्स्टर’ आणि ‘कॅट-विमेन ऑफ द मून’ हे दोन चित्रपट घेतले. गोरिला टेकडी चढत असताना मागे जे संगीत वाजतं त्यात कुठेही हात आखडलेला नाही.

त्रिमिती तंत्रात काढलेला हा चित्रपट धंद्यात चांगला चालला. पहिल्या फेरीतच त्यानं दहा लाख डॉलरच्या घरात गल्ला जमवला असं नोंदलेलं आहे. टकरच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हॉलिवूडमधल्या एका हॉटेलात त्यानं आत्महत्येचा प्रयत्न केला. तो वाचला, आणि पुढे अनेक वर्षं संकलक म्हणून काम करत राहिला.

असे चित्रपट याच काळात इतके का निघाले, याचं पहिलं उत्तर न्यायालयात सापडतं. 1948च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला. तोवर मोठे स्टुडिओ चित्रपट बनवत, वाटत आणि स्वतःच्याच थिएटरांत दाखवतही. एक मोठा सिनेमा हवा असेल तर त्याच्याबरोबर चार किरकोळ सिनेमे घ्यावेच लागतील अशी थिएटरवाल्यांवर सक्ती असे. निकालानं ही गठ्ठाविक्री मोडली आणि स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली. मग दुय्यम चित्रपट काढून फायदा काय? स्टुडिओंनी तो विभाग हळूहळू आवरता घेतला. पण एका तिकिटात दोन सिनेमे पाहायची सवय प्रेक्षकांना लागलेली होती. दुसऱ्या सिनेमाची जागा रिकामी पडली.

त्याच वेळी घरोघर टीव्ही येत होता. 1950मध्ये दहा घरांत जेमतेम एका घरी संच होता, दशक संपेपर्यंत तो जवळपास नऊ घरांत पोचला. आईवडील संध्याकाळी घरीच बसू लागले आणि पोरं बाहेर पडली. त्यांच्या हाती जुनी का होईना गाडी होती, आणि गाडीत बसून सिनेमा पाहायची सोय होती. वांद्र्याला कलानगरजवळ एके काळी होतं तसलं ड्राइव्ह-इन थिएटर अमेरिकेत पहिल्यांदा 1933 साली न्यू जर्सीतल्या कॅम्डनला सुरू झालं होतं. 1950चं दशक संपत आलं तेव्हा अशी चार हजारांवर थिएटरं झाली होती. मोठ्या स्टुडिओंचे नवे सिनेमे त्यांच्याकडे उशिरा यायचे. त्यांना रोज नवं काहीतरी हवं होतं, स्वस्त हवं होतं, आणि पोरांना आवडेल असं हवं होतं.

भीतीचा साठा तर तयारच होता. हिरोशिमाला पाच वर्षं होत नाहीत तोच 1949 साली सोव्हिएत रशियानंही अणुस्फोट केला. त्याआधी, 1947च्या जूनमध्ये, केनेथ अर्नॉल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ आकाशात चमकत्या वस्तू दिसल्या होत्या आणि उडत्या तबकड्या अमेरिकेच्या बोलण्यात आल्या होत्या. शाळेतली मुलं बाकाखाली डोकं लपवायच्या कवायती करत होती. हे ज्यांच्या रोजच्या जगण्यात होतं त्यांना पडद्यावरचा किरणोत्सर्गी किडा ही निव्वळ गंमत वाटत नव्हती. सुसान सोंटॅग या लेखिकेनं 1965 साली ‘द इमॅजिनेशन ऑफ डिझास्टर’ या निबंधात या चित्रपटांकडे आपत्तीची कल्पना म्हणून गंभीरपणे पाहिलं. तिच्याआधी फार कुणी पाहिलं नव्हतं.

या रिकाम्या जागेत थोडक्या पैशांत वाट कशी काढायची याचा पहिला धडा 1950 सालीच मिळाला होता. जॉर्ज पाल हा निर्माता ‘डेस्टिनेशन मून’ काढत होता. रंगीत, अभ्यासपूर्ण, चेस्ली बोनस्टेल या खगोलचित्रकारानं रंगवलेल्या चांद्रभूमीचा तो चित्रपट होता, आणि त्याची जाहिरात खूप आधीपासून चाललेली होती. रॉबर्ट लिपर्ट या छोट्या निर्मात्यानं ठरवलं की या जाहिरातीचा फायदा आपणच उठवायचा. त्याचं ‘रॉकेटशिप एक्स-एम’ अठरा दिवसांत चित्रित झालं आणि ‘डेस्टिनेशन मून’च्या काही आठवडे आधी पडद्यावर आलं. यातलं यान चंद्राकडे निघतं, रस्ता चुकतं आणि मंगळावर जाऊन पोचतं. मंगळ म्हणून कॅलिफोर्नियाचं वाळवंट दाखवलं आणि तेवढी रिळं तांबूस रंगात रंगवली. पालच्या चित्रपटाला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच होतं. तरीही मला वाटतं की अणुयुद्धात जळून गेलेली संस्कृती मंगळावर दाखवणारा लिपर्टचा घाईतला चित्रपट आज जास्त बोचतो.

मग आले जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ. निकल्सन जुने सिनेमे नवी नावं देऊन पुन्हा चालवणाऱ्या कंपनीत होता. आर्कॉफ वकील होता. त्या कंपनीनं एका जुन्या चित्रपटाला ‘अॅटॉमिक मॉन्स्टर’ असं नवं नाव दिलं, आणि आर्कॉफच्या अशिलानं नेमक्या याच नावाची पटकथा लिहून ठेवलेली होती. आर्कॉफ भांडायला गेला, पाचशे डॉलरची भरपाई घेऊन आला, आणि निकल्सनची ओळख करून घेऊन आला. 1954मध्ये दोघांनी भागीदारीत कंपनी काढली. तीच पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स झाली. निकल्सनच्या डोक्यात आधी नाव यायचं. मग पोस्टर काढायचं, ते थिएटरवाल्यांना दाखवायचं. त्यांनी मान डोलावली तरच पटकथा लिहायला घ्यायची. दोन सिनेमे एकाच भाड्यात देण्याची युक्तीही त्यांनी लवकरच शोधली. एकट्या सिनेमाला दुय्यम म्हणून नाममात्र पैसे मिळत, जोडी दिली तर संपूर्ण खेळच आपला.

त्यांना चित्रपट पुरवणाऱ्यांत सगळ्यात चलाख होता रॉजर कॉर्मन. स्टॅनफर्डमधून अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण फॉक्स स्टुडिओत निरोप्या म्हणून लागला होता. 1954 साली त्यानं ‘मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोअर’ काढला. त्याचा दिग्दर्शक होता वायट ऑर्डंग, ‘रोबॉट मॉन्स्टर’ची पटकथा लिहिणारा. हे जग इतकं लहान होतं. कॉर्मनमधला अभियंता चित्रणाच्या दिवसांचा हिशेब आधी मांडायचा आणि मग त्यात गोष्ट बसवायचा. ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं मुख्य चित्रीकरण त्यानं दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं.

‘द बीस्ट विथ अ मिलियन आइज’ची गंमत याच पद्धतीतून घडली. पोस्टरवर दहा लाख डोळ्यांचा राक्षस होता. चित्रपटात राक्षसच नव्हता, कारण त्याला पैसे उरले नव्हते. परग्रहावरचा जीव पृथ्वीवरच्या पशुपक्ष्यांच्या डोळ्यांतून पाहतो, म्हणून दहा लाख डोळे, असा खुलासा पटकथेत होता. थिएटरवाले ऐकेनात. तेव्हा विज्ञानकथा मासिकांत चित्रं काढणाऱ्या पॉल ब्लेसडेलकडे विचारणा झाली, आणि त्यानं काहीशे डॉलरांत हातभर उंचीचा एक बाहुला करून दिला.

ब्लेसडेलबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं. तोपर्यंत त्यानं सिनेमासाठी काही केलेलं नव्हतं. लॉस एंजेलिसबाहेर टोपांगा कॅन्यनमध्ये तो आणि त्याची बायको जॅकी राहत. तिथेच दोघं मिळून फोम, रबर आणि लाकूड घेऊन राक्षस घडवत. करून झाला की ब्लेसडेल स्वतःच त्याच्या आत शिरायचा. ‘डे द वर्ल्ड एंडेड’मधला तीन डोळ्यांचा प्राणी पावसात मरतो. कृत्रिम पाऊस सुरू झाला तसं फोमनं पाणी शोषलं, पोशाख जड होत गेला, आणि ब्लेसडेल त्या भिजल्या ओझ्यासकट अभिनय करत राहिला.

1956च्या ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’साठी त्याला शुक्रावरचा जीव करायचा होता. त्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण भारी असणार, तेव्हा तिथला प्राणी बुटका, रुंद, जमिनीला धरून असणार, असा विचार मागे होता. विज्ञान कच्चं असेल, पण विचार केलेला होता. ब्लेसडेलनं प्लायवूडच्या सांगाड्यावर फोम चढवून शंकूच्या आकाराचा, खेकड्यासारख्या नांग्यांचा आणि रागीट तोंडाचा जीव उभा केला. सेटवर नायिका बेव्हर्ली गार्लंड त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं, जग जिंकायला आलास होय, असं म्हणत त्याला एक लाथ हाणली. कॉर्मन पुढे हा किस्सा आनंदानं सांगत असे. राक्षस नायिकेहून उंच हवा हा धडा त्यानं त्याच दिवशी घेतला आणि ब्लेसडेलला डोकं वाढवायला लावलं. हा जीव गुहेच्या अंधारातच दिसावा या बेतानं बनवलेला होता. शेवटच्या प्रसंगात कॉर्मननं त्याला ब्रॉन्सन कॅन्यनच्या उन्हात बाहेर काढला, आणि ब्लेसडेलनं लपवलेलं सगळं उघडं पडलं.

हे त्याच्यावर अन्याय करणारं होतं. पुढे जे झालं ते त्याहून वाईट. 1958च्या ‘हाऊ टु मेक अ मॉन्स्टर’ या चित्रपटात शेवटी मुखवट्यांनी भरलेल्या घराला आग लागते. भिंतींवर टांगायला कंपनीनं ब्लेसडेलचेच जुने मुखवटे वापरले, आणि त्यातल्या काहींची चित्रीकरणात खरोखर राख झाली. त्यानंतर काही वर्षांत तो सिनेमातून बाहेर पडला.

कॉर्मनच्या चित्रपटांत निदान राक्षस सेटवर असे. 1957च्या ‘द जायंट क्लॉ’मध्ये तेवढंही नव्हतं. जेफ मॉरो आणि इतर नट रिकाम्या आकाशाकडे बघत भ्यायले, ओरडले, पळाले. राक्षसी पक्षी नंतर येणार होता. पैसे वाचवण्यासाठी तो मेक्सिको सिटीत करवून घेतला. लांब मान, बटबटीत डोळे, डोक्यावर केसांचा तुरा असलेली ती दोरीवरची बाहुली मॉरोनं पहिल्यांदा पाहिली ती आपल्या गावच्या थिएटरात, गावच्या लोकांबरोबर बसून. पक्षी पडद्यावर आला की सगळं थिएटर हसे. कुणी ओळखू नये म्हणून मॉरो सिनेमा संपायच्या आत निघून गेला. मॉरो हा चांगला नट होता. तो चित्रपट आज पाहताना त्याची प्रत्येक घाबरलेली नजर अचूक वाटते. फक्त ज्याला तो घाबरतोय ते त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

बर्ट गॉर्डनची तऱ्हा निराळी होती. तो आणि त्याची बायको फ्लोरा सगळे चमत्कार घरच्या घरी करत. ‘बिगिनिंग ऑफ द एंड’मध्ये किरणोत्सर्गी पीक खाऊन प्रचंड झालेले टोळ शिकागोवर चालून येतात. त्यासाठी गॉर्डननं टेक्ससहून दोनशे जिवंत टोळ आणवले. ते एकमेकांना खाऊ लागले, आणि शेवटी बाराच उरले, असं तो सांगत असे. शिकागोच्या इमारतींचे मोठे फोटो आडवे ठेवून त्यांवर टोळ चालवले. त्यातला एखादा टोळ इमारतीची कड ओलांडून सरळ आकाशावर चालायला लागतो.

दशावतारात एक बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन होतं, देव निजला की शेषशय्या होते, आणि सिंधुदुर्गातला प्रेक्षक पहाटेपर्यंत त्याला बाकडं म्हणत नाही. नाटक प्रेक्षकाकडे हे मागू शकतं, कारण दोघंही एकाच मांडवात जागत बसलेले असतात. कॅमेऱ्याला असा करार ठाऊक नाही. तो बाकड्याचं बाकडंच टिपतो, गोरिलाच्या पोशाखाची शिवण टिपतो, टोळाखालचा कागद टिपतो. या दिग्दर्शकांनी नाटकाची श्रद्धा कॅमेऱ्यासमोर मांडली आणि तिचा एकेक टाका फिल्मवर कायमचा उमटला. मला त्यात लोभ वाटतो तो याचा. पैसेवाल्या चित्रपटात मेहनत दिसू नये म्हणून आणखी मेहनत घेतलेली असते. इथे ती लपवायला पैसाच नव्हता. मंगळवारी सकाळी कुणीतरी फोम कापला, कुणीतरी उन्हात टेकडी चढला, कुणीतरी आठवं रीळ वाचवायचं म्हणून चुकलेला संवाद तसाच ठेवला, हे सगळं गोष्टीबरोबरच दिसत राहतं.

आणि म्हणून एड वुडपाशी थांबावं लागतं. आर्कॉफच्या अशिलाच्या ज्या पटकथेवरून आर्कॉफ आणि निकल्सन यांची ओळख झाली, तिचाच पुढे वुडनं ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ केला. एडवर्ड वुडचा जन्म 1924चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीचा. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन होता. युद्धानंतर हॉलिवूडला आला आणि पुन्हा कधी तिथून गेला नाही. त्याच्याकडे पैसा नव्हता, पण माणसं जोडण्याची ताकद होती. 1931च्या ‘ड्रॅक्युला’नं जगभर गाजलेला बेला लुगोसी तेव्हा म्हातारा, आजारी आणि विस्मृतीत गेलेला होता. अंमली औषधांच्या व्यसनातून सुटण्यासाठी 1955 साली तो आपण होऊन सरकारी इस्पितळात दाखल झाला. त्या दिवसांत त्याला काम देणारा, भेटायला जाणारा माणूस म्हणजे वुड.

16 ऑगस्ट 1956 रोजी लुगोसी वारला. वुडकडे त्याचं काही मिनिटांचं मूक चित्रण शिल्लक होतं. एका घराबाहेर येऊन म्हातारा लुगोसी फूल तोडतो आणि हुंगतो. झगा लपेटून स्मशानातून चालतो. या तुकड्यांभोवती वुडनं एक संपूर्ण चित्रपट रचला, ‘प्लॅन नाइन फ्रॉम आऊटर स्पेस’. उरलेल्या प्रसंगांत लुगोसीच्या जागी वुडच्या बायकोवर मणक्याचे उपचार करणारा कायरोप्रॅक्टर उभा केला. तो लुगोसीसारखा अजिबात दिसत नव्हता, म्हणून झगा नाकापर्यंत ओढून वावरला. पैसे बेव्हर्ली हिल्समधल्या बॅप्टिस्ट मंडळींनी दिले. मूळ नावात थडगी लुटणारे होते, ते त्यांना पाखंडी वाटलं. त्यांनी नाव बदलायला लावलं आणि काही जणांनी बाप्तिस्मा घ्यावा असाही आग्रह धरला. वुडनं घेतला. अवाढव्य स्वीडिश पैलवान टॉर जॉन्सननंही घेतला.

चित्रीकरण 1956च्या नोव्हेंबरमध्ये एका छोट्या स्टुडिओत झालं. विमानाचा कॉकपिट म्हणजे दोन खुर्च्या आणि मागे पडदा. स्मशानातली थडगी धक्का लागला की डुलतात. एका प्रसंगात उजेड आहे, पुढच्याच क्षणी काळोख, मग पुन्हा उजेड. तबकड्या जेवणाच्या ताटल्यांच्या होत्या असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. खरं तर ती दुकानात मिळणारी खेळण्याची मॉडेलं होती. टीव्हीवर भयपट सादर करून गाजलेल्या व्हॅम्पायरानं, म्हणजे माइला नर्मीनं, संवाद म्हणायलाच नकार दिला. ती नुसती चालते, आणि ते चालणं सगळ्या चित्रपटात सर्वांत लक्षात राहतं.

या चित्रपटाची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. परग्रहावरचे लोक पृथ्वी जिंकायला आलेले नाहीत. ते बजावायला आलेत. माणसानं आधी फटाका केला, मग हातबॉम्ब, मग अणुबॉम्ब, मग हायड्रोजन बॉम्ब. आता तो सूर्यप्रकाशाचाच स्फोट करील आणि त्यात सगळं विश्व जळेल, म्हणून त्याला थांबवायला ते आले. माणसं त्यांचं ऐकून घेत नाहीत. युद्धावरून परतलेल्या मरीननं, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांच्या काळात, उपदेश शत्रूच्या तोंडी घातला आणि नायकाला त्याच्यावर ठोसा उगारायला लावला. संवाद ओबडधोबड आहेत, पण त्यामागची तळमळ खरी आहे. त्या डुलणाऱ्या थडग्यांना हसून झाल्यावर हा भाग मला शांत बसवतो.

1957च्या मार्चमध्ये चित्रपटाचा एक खेळ झाला. सगळीकडे तो पोचला 1959 साली, आणि मग मध्यरात्रीच्या टीव्हीवर. वुडचे पुढचे दिवस वाईट गेले. दारू वाढली, पोटासाठी सवंग कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. 1978च्या डिसेंबरात त्याला आणि त्याच्या बायकोला भाड्याच्या घरातून बाहेर काढलं. काही दिवसांतच, 10 डिसेंबरला, तो मित्राच्या घरी हृदयविकारानं गेला. वय चोपन्न.

दोन वर्षांनी, 1980 साली, हॅरी आणि मायकल मेडव्हेड या भावांनी ‘द गोल्डन टर्की अवॉर्ड्स’ हे पुस्तक काढलं. त्यात ‘प्लॅन नाइन’ला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट आणि वुडला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलं. मला हा निवाडा चुकीचा वाटतो. वाईट चित्रपट कंटाळवाणा असतो. ‘प्लॅन नाइन’ एक मिनिटही कंटाळवाणा नाही. पण या पुस्तकानंच लोक तो शोधून पाहू लागले. 1988 साली मिनिॲपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसननं ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’ सुरू केलं. त्यात अवकाशात अडकलेला एक माणूस आणि त्याचे यंत्रमानव जुने सिनेमे बघत शेरे मारतात. पुढच्याच वर्षी त्यांच्या वाट्याला ‘रोबॉट मॉन्स्टर’ आला. त्यांच्या थट्टेत माया असे. टिम बर्टननं 1994 साली ‘एड वुड’ काढला तेव्हा ती मायाच उरली. लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. बर्टनच्या चित्रपटाला मोठा खर्च आला आणि धंदा थोडाच झाला. त्यातल्या शेवटच्या खेळात प्रेक्षक वुडसाठी टाळ्या वाजवतात. खऱ्या आयुष्यात तसं काही घडलेलं नाही, पण बर्टननं ते त्याला दिलं याचा मला आनंद होतो.

आता मुद्दाम वाईट करून विकलेले सिनेमेही निघतात. मला ते बघवत नाहीत. त्यांतला हलता राक्षस हा ठरवलेला विनोद असतो, तिथे कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं.

कॉर्मनचं काम मात्र थांबलं नाही. 1960च्या दशकात त्यानं सोव्हिएत अवकाशपट स्वस्तात विकत घेतले. एकात नवे राक्षस घालून तो इंग्रजीत बसवायचं काम विद्यार्थिदशेतल्या फ्रान्सिस कपोलाला दिलं. पावेल क्लुशान्त्सेव्हनं लेनिनग्राडला केलेल्या ‘प्लॅनेटा बुर’ या शुक्रावरच्या चित्रपटाचे तर त्यानं दोन निरनिराळे चित्रपट करवून घेतले. त्यातला दुसरा पीटर बोगदानोविचनं केला, समुद्रकिनाऱ्यावर काही नट्यांचे प्रसंग घेऊन. क्लुशान्त्सेव्हच्या मूळ कामात यानं, यंत्रमानव आणि पाण्याखालची दृश्यं विलक्षण निगुतीनं केलेली होती. त्याचं नाव मात्र अमेरिकन प्रतींत राहिलं नाही.

1980च्या सुमारास कॉर्मनच्या स्टुडिओत जेम्स कॅमेरॉन नावाचा तरुण छोटी मॉडेलं करायला लागला. ‘गॅलक्सी ऑफ टेरर’साठी त्यानं यानाच्या भिंतींवर बर्गरचे थर्मोकोलचे डबे चिकटवून रंगवले असं सांगतात. तुटलेल्या हातावर वळवळायला हव्या असलेल्या अळ्या हलेनात, तेव्हा त्यानं तिथे विजेचा हलका झटका द्यायची सोय केली. त्याच स्टुडिओत रॉबर्ट स्कोटॅकही होता. पुढे कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’साठी त्याला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. स्कोटॅकला क्लुशान्त्सेव्हच्या कामाचं वेड होतं. 1990च्या दशकात तो रशियात गेला, आपल्याच देशात विसरल्या गेलेल्या त्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाला त्यानं शोधून काढलं, आणि ती दृश्यं कशी केली होती ते त्याच्याकडून समजावून घेतलं.